नेमबाजीची वर्गणी

हिंजवडीच्या परिसरात राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघू लागला आहे. पूर्वी मुलाला कोणत्या शाळेत घालावे, कोणाच्या शिकवणीस पाठवावे, यावर जशी हिरीरीने चर्चा होई, तशी आता कोणत्या शूटिंग रेंजचे सभासदत्व घ्यावे यावर होते. अमक्या क्लबाची वर्गणी किती, तमक्या क्लबात रायफल भाड्याने मिळते की स्वतःची लागते, शिक्षक राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला आहे की नाही, आणि (हा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला जातो) दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याइतकी मजल किती महिन्यांत जाते, अशी ही चर्चा असते. तीत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, वर्गणी फार; दुसरी, नियम फार. गंमत ही की, पहिली तक्रार करणारा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी वर्गणी मुकाट्याने भरून मोकळा होतो, आणि दुसरी तक्रार घेऊन मात्र क्लबाच्या व्यवस्थापकाशी तावातावाने भांडतो. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. नियम मुकाट्याने पाळावेत आणि भांडावयाचे असेल तर वर्गणीवरून भांडावे. तेही आपल्या खिशाला चाट बसते एवढ्यासाठी नव्हे. त्या वर्गणीच्या उंबरठ्याशी जी मुले अडतात ती बहुधा आपली नसतात, यासाठी.

नियमांपासूनच आरंभ करू, कारण त्यांच्यावरच अन्याय अधिक होतो. दहा मीटरच्या हवाई रायफलीच्या निशाणाचा जो मध्यबिंदू, ज्यास दहा गुण, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा; म्हणजे लक्ष्य हे बाणाहून नऊपटींनी लहान. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने तोलून, सव्वा तासाच्या अवधीत, अशा बिंदूवर साठ वेळा नेम धरावयाचा असतो. पुरुषांना साठ आणि स्त्रियांना चाळीस हा पूर्वीचा भेदही २०१८ पासून राहिलेला नाही. ज्या खेळात श्वास आत जाताना नळी हलते आणि हृदयाच्या ठोक्यानेही हलते, त्या खेळात शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी छर्रे द्यावयाचे, हा विचारच हास्यास्पद होय. म्हणून जाणता शिक्षक आरंभीचे कित्येक दिवस मुलाला रिकामी रायफल धरून नुसते उभे करतो. पाय कसे रोवावेत, कंबर कशी स्थिर ठेवावी, गाल दस्त्यावर कोठे टेकावा, बोटाचे पेर चापावर किती हलके ठेवावे, एवढेच तो शिकवितो. आणि मग पालक रागाने येतात. "पैसे भरून महिना झाला, अजून मुलाने एक गोळी उडविली नाही!" या गृहस्थांच्या आजोबांनी गाणे शिकण्यासाठी गवयाच्या दारी वर्षभर नुसता षड्ज लावला असेल, ही गोष्ट त्यांना मोठ्या अभिमानाने सांगता येते, तीच तपश्चर्या आपल्या चिरंजीवाच्या वाट्यास आली की मात्र क्लबाने पैसे खाल्ले असे वाटू लागते.

याशिवाय दुसरे नियम आहेत. नळीचे तोंड कोणत्याही स्थितीत निशाणाकडेच असावे. अधिकाऱ्याची आज्ञा होईपर्यंत बोट चापावर जाऊ नये. 'स्टॉप' म्हटले की नेम साधलेला असो वा नसो, तत्क्षणी थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळी रिकामी असल्याची भडक रंगाची खूण तीत घातल्यावाचून मागे सरू नये. समोर कोणी निशाण बदलावयास गेले असता हत्यारास बोटही लावू नये. मोबाइल बाहेर ठेवावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपल्यावर हात स्वच्छ धुतल्यावाचून खाण्याचा डबा उघडू नये. यांतील एकही नियम सैल करण्याजोगा नाही. उशिरा आलेल्या मुलाला त्या दिवशी रेषेवर घेतले नाही, किंवा मैत्रिणीकडे वळून हसताना नळी वळली म्हणून एखादीला आठवडाभर घरी बसविले, तर त्या शिक्षकाचे आभार मानावेत. "मूल आहे, चुकायचेच" हे वाक्य वर्गात शोभते, रेंजवर शोभत नाही. उलट ज्या क्लबात असे कोणी रागावत नाही, जेथे वाढदिवसाच्या दिवशी मुलाच्या मित्रमंडळींना रायफली हाती घेऊन छायाचित्रे काढू देतात, तेथून आपले मूल त्याच दिवशी काढून घ्यावे. एखाद्या व्यापारी इमारतीच्या तळघरात रेंज उघडलेली असेल, तर हवा बाहेर काढण्याची सोय काय आहे, फरशी कोरडी झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात, हे विचारण्याचे धैर्य आमच्या विद्वान पालकांनी दाखवावे. शिशाची धूळ मुलाच्या पोटात जाते ती मार्कांच्या यादीत दिसत नाही.

येथवर आम्ही क्लबांची बाजू घेतली. आता दुसरे नियम पाहू. एका क्लबाचे नियमपत्रक नुकतेच आमच्या पाहण्यात आले. क्लबाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पत्रकाची जात सर्वत्र ओळखीची आहे. प्रवेशशुल्क कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ भरावी. गैरहजेरीचे दिवस पुढे धरले जाणार नाहीत. छर्रे क्लबातूनच घ्यावेत. रायफल घ्यावयाची झाल्यास क्लबाच्या सल्ल्यानेच घ्यावी. शिक्षकाचा स्वतंत्र तास हवा असल्यास त्याची फी निराळी, स्पर्धेच्या दिवशी शिक्षक बरोबर हवा असल्यास त्याची आणखी निराळी. ही सर्व कलमे अनुक्रमांक घालून, ठळक टायपात. आणि शेवटी, अनुक्रमांकावाचून, एक ओळ: सभासदांनी सुरक्षिततेची योग्य ती काळजी घ्यावी. ज्या पत्रकात पैशाच्या कलमांना आकडे आहेत आणि जिवाच्या कलमाला नाही, ते पत्रक कोणी व कशाच्या चिंतेने लिहिले, हे निराळे सांगावयास नको. नियम दोन प्रकारचे असतात. काही रेषेवरचे आणि काही गल्ल्यावरचे. आमचा मध्यमवर्ग रेषेवरच्या नियमांना जाच म्हणतो आणि गल्ल्यावरच्या नियमांखाली न वाचता सही करतो.

गल्ल्याचा हिशेब तरी एकदा मांडून पाहू. क्लबागणिक वर्गणी निराळी आणि दर वर्षी बदलणारी, म्हणून ती सध्या बाजूस ठेवू. जर्मन किंवा तत्सम बनावटीची, स्पर्धेच्या दर्जाची हवाई रायफल आज दोन लाखांच्या खाली सहसा येत नाही. छर्रे पाचशेच्या डब्यात येतात. मुलगी रोज शंभर छर्रे उडविते आणि महिन्यातून पंचवीस दिवस येते असे धरले, तर वर्षाकाठी तीस हजार छर्रे, म्हणजे साठ डबे झाले. बऱ्या प्रतीच्या डब्यास हजार रुपये धरा. नुसते शिसे साठ हजारांचे! यात वर्गणी आलेली नाही; शिक्षक आलेला नाही; जाड कापडाचे ते ताठ जाकीट, विजार, बूट आणि हातमोजा आलेला नाही. जाकिटाची जाडी आंतरराष्ट्रीय संघटनेने अडीच मिलिमीटरवर बांधून दिलेली आहे आणि स्पर्धेपूर्वी ती यंत्राने मोजतात; तेव्हा घरच्या शिंप्याकडून काम भागत नाही. मुलगी तेराव्या वर्षी घेतलेल्या जाकिटात पंधराव्या वर्षी मावत नाही, हा खर्च तर कोणत्याच माहितीपत्रकात छापीत नाहीत. त्यावर स्पर्धांच्या प्रवेशफ्या आणि दिल्ली-भोपाळच्या रेंजपर्यंतचे प्रवास. पुढे पन्नास मीटरच्या प्रकाराकडे वळावयाचे म्हटले म्हणजे छर्ऱ्याच्या जागी काडतूस येते आणि पोलिसांचा परवाना येतो. मग वरील सगळा हिशेब केवळ प्रस्तावना ठरतो.

क्लबवाल्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. निशाणाची विद्युत्‌यंत्रे परदेशातून येतात, जागेची भाडी या भागात काय आहेत हे सर्वांस ठाऊक आहे, आणि खाजगी संस्थेने दिलेल्या खेळाच्या शिक्षणावर सरकार अठरा टक्के कर घेते. चांगला शिक्षक फुकट राबावा अशीही आमची अपेक्षा नाही. पण या सर्वांची बेरीज करून, पहिल्या वर्षाचा एकूण खर्च अमुक, दुसऱ्या वर्षाचा अमुक, असा एक कागद दाराशी लावण्यास कोणती अडचण आहे? वाण्याच्या दुकानात भावफलक असतो आणि नेमबाजीच्या क्लबात नसतो. चौकशीस गेलेल्या बापाला प्रथम मासिक वर्गणी तेवढी सांगावयाची, आणि बाकीचे मूल रमल्यावर एकेक करून बाहेर काढावयाचे, ही रीत लग्नाच्या बाजारात हुंडा ठरविणाऱ्या पक्षास शोभते. त्यातही सर्वांत वाईट प्रकार म्हणजे शिक्षकानेच रायफल विकणे. ज्याने 'तुमच्या मुलाला आता स्वतःची रायफल हवी' असा निर्णय द्यावयाचा, त्यालाच त्या विक्रीवर दलाली मिळत असेल, तर तो निर्णय आणि औषधविक्रेत्याकडून वाटा घेणाऱ्या वैद्याची चिठ्ठी यांत भेद तो काय? निदान एक वर्ष मूल टिकल्यावाचून रायफल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या भागात कपाटावर धूळ खात पडलेल्या दोन-दोन लाखांच्या रायफली काही थोड्या नसतील. दहावी झाली, गुण मिळाले, पुढच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी लागली, नेमबाजी संपली.

यावर कोणी म्हणेल की, हौसेला मोल नसते. ज्यास परवडेल तो जाईल, न परवडेल तो क्रिकेट खेळेल. खाजगी क्लब आपल्या दारात कोणास घेतो हा त्याचा प्रश्न. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु नेमबाजीचा क्लब म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे आणि सिनेमागृहही नव्हे. त्याला कायद्याने एक विशेष स्थान दिलेले आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तिसरे कलम कोणीही काढून वाचावे. सामान्य परवानाधारकास किती बंदुका बाळगता येतील याची मर्यादा त्यात आहे. ती पूर्वी तीन होती, २०१९ च्या दुरुस्तीने दोन झाली. पण केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबाचा किंवा संघटनेचा जो सभासद निशाणाच्या सरावाकरिता पॉइंट बावीसची वा हवाई रायफल वापरतो, त्यास ही मर्यादा लागू नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगता येत नाही. मात्र विहित वय झालेल्यास, विहित अटींवर, शिक्षणापुरती ती वापरण्याची मुभा आहे. साडेचार मिलिमीटर तोंडाच्या, बेताच्या जोराच्या हवाई रायफलीस परवाना लागत नाही खरा. तथापि राष्ट्रीय स्पर्धेत उतरावयाचे तर वाट संघटनांच्या दारातूनच जाते. म्हणजे या देशात बंदुकीचा नेम शिकण्याचा कायदेशीर मार्ग बहुतांशी सभासदत्वाच्या पावतीतून जातो. ज्या दाराला कायद्यानेच एकमेव दार केले, त्या दारावरचा पहारेकरी 'हे माझे खाजगी घर आहे' असे म्हणू लागला, तर त्यास घराचा उतारा दाखवावयास सांगण्याचा हक्क समाजास आहे.

आणि हा हक्क काही आज उपटसुंभासारखा उद्भवलेला नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा झाला, तो युरोपियनांस एक आणि एतद्देशीयांस दुसरा असा भेद करणारा होता. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध आवाज उठविला आणि पुढे वर्षानुवर्षे ते गाऱ्हाणे चालू ठेवले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत जी अकरा मागण्यांची यादी प्रसिद्ध केली, तीतही स्वसंरक्षणार्थ हत्यारांचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत ही मागणी होती. आणि १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला आहे. प्रत्येकाच्या घरी बंदूक असावी असे आमचे म्हणणे नाही, तसा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत त्याचे काय झाले ते रोज वर्तमानपत्रांत येते. आमचा मुद्दा इतकाच की, नेम धरण्याची विद्या ही त्या पिढीने गोऱ्यांच्या मक्तेदारीतून मागून घेण्याची वस्तू मानली होती. स्वराज्य आल्यावर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेला, वकिली केलेला, पांढरपेशा मराठी गृहस्थ! आजही त्यांच्या नावाची नेमबाजीची स्पर्धा भरते. मावळणकरांसारख्या माणसाने या कामात लक्ष घातले ते काही चार संपन्न घरांतील मुलांस सवलतीचे गुण मिळावेत म्हणून घातले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता या गोष्टीचा सर्वांत बोलका पुरावा पाहू: महाराष्ट्राचे नाव ज्यांनी जगाच्या रेषेवर नेले ते नेमबाज कोठून आले? अंजली भागवत यांनी रायफल प्रथम हाती घेतली ती मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाच्या एन.सी.सी.त, मग वरळीच्या रेंजवर सराव करून त्या २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या. २०१० साली म्युनिकला त्या पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि तसा मान मिळविणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरल्या. राही सरनोबतही कोल्हापूरच्याच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक त्यांचे. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनिशी कांस्यपदक घेतले ते राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतील माणसास मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिक्षकाचा मुलगा, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला.

या नावांतून एक गोष्ट निघते ती कोणाही निःपक्षपाती माणसास दिसावी. एन.सी.सी., प्रबोधिनी, रेल्वेची नोकरी! प्रत्येक ठिकाणी कोठे ना कोठे सार्वजनिक पैसा त्या मुलाच्या वा मुलीच्या खांद्याखाली उभा आहे. सुखवस्तू घरांतून नेमबाज निघतच नाहीत, असे म्हणणे अर्थातच खोटे होईल. २००८ साली बीजिंगला देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या वडिलांनी त्याच्यासाठी घरच्या आवारात रेंज बांधली होती, आणि त्या एकांतात त्याने केलेली मेहनत कोणाही गरिबाच्या मेहनतीहून कमी नव्हती. परंतु घरात रेंज बांधू शकणारे बाप देशात किती? आणि बाप नव्हे, आपण करदाते ज्याचे पालक, तो कांबळवाडीचा मुलगा किती? दोन्ही वाटांनी पदके येतात. फक्त पहिली वाट कोणाच्या मागणीने वाढत नाही, दुसरी वाढू शकते. आणि दोहोंच्या मध्ये जी तिसरी वाट आहे, वर्गणीची, तिच्यावर आज गर्दी सर्वांत मोठी आहे.

स्वप्निलच्या पदकानंतरची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. राज्य सरकारने त्यास पारितोषिक जाहीर केले. काही आठवड्यांनी त्याच्या वडिलांनी ते अपुरे असल्याचे बोलून दाखविले आणि आणखी एक मागणी केली की, मुलाला बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ घर मिळावे, म्हणजे सरावास जाणे सुकर होईल. पारितोषिकाच्या आकड्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. कित्येकांनी त्या वडिलांस लोभी ठरविले. आम्हांस मात्र दुसऱ्या मागणीने विचारात पाडले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात पडल्यानंतर ज्या शेजाराची इच्छा एका नेमबाजाच्या बापाने धरली, तो शेजार हिंजवडी-वाकड-बालेवाडीच्या हजारो कुटुंबांस आज अनायासे लाभलेला आहे. त्यांच्या गच्चीवरून संकुलाचे दिवे दिसतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते संकुल बांधले. २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा तेथे झाल्या. दहा, पंचवीस आणि पन्नास अशा तिन्ही अंतरांच्या रेंजा तेथे आहेत. आणि या शेजाऱ्यांपैकी किती जणांनी आजवर त्या संकुलाच्या कारभाराविषयी एक प्रश्न विचारला आहे? खाजगी क्लबातील पंख्याचा आवाज मोठा आहे म्हणून अर्ज करणारे आमचे नागरिक सार्वजनिक रेंज कोणाला, किती वाजता, काय दराने मिळते, याची विचारपूस करीत नाहीत. ते 'सरकारी' आहे म्हणून सोडून देतात. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब पैशापैशाने मागणाऱ्या समाजाला कोट्यवधी रुपयांच्या रेंजचा हिशेब मागावा असे वाटत नाही, हे आमच्या नागरिकत्वाचे मोठे व्यंग आहे.

दुसरीकडे त्याच हिंजवडीत, महामार्गाच्या अलीकडे, जुने गाव आहे. म्हातोबाची यात्रा आणि बगाड आजही तेथे निघते. माण, मारुंजी, म्हाळुंगे ही भोवतालची गावे. त्या गावांच्या शाळांतून मुले आहेत. गोफणीने पाखरे राखणाऱ्या पिढ्यांचे डोळे त्यांनी वारशाने घेतलेले आहेत, असे म्हणावे तर ते काव्य होईल, म्हणून तसे म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, त्यांचा हात आमच्या मुलांच्या हाताहून अधिक कापतो, असे मानण्यास कोणताही आधार नाही. त्यांच्या आणि रेंजच्या मध्ये उभे आहेत ते वर सांगितलेले साठ डबे.

हे साठ डबे कोणी द्यावेत, याचे उत्तर याच परिसरात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास लावणे भाग आहे, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त राष्ट्रीय खेळ आणि ऑलिंपिक खेळ यांचे शिक्षण स्पष्टपणे घातलेले आहे. वीस मुलांचे छर्रे म्हणजे, आमच्याच हिशेबाने, वर्षाचे बारा लाख रुपये. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीत ज्यांच्या पाट्या झळकतात त्यांच्यापैकी कित्येकांच्या वार्षिक संमेलनाचा खर्च याहून अधिक असेल. त्या कंपन्यांत बसून वर्गणीची तक्रार करणारे गृहस्थच या निधीच्या समित्यांवर असतात किंवा समित्यांना अर्ज तरी करू शकतात. झाडे लावून त्यांच्यासह छायाचित्रे काढून घेण्याचे काम पुष्कळ झाले. एक वर्ष छर्रे विकत घेऊन पाहावेत.

एका आक्षेपाला उत्तर देणे राहिले. 'मुलांच्या हाती बंदूक देऊन तुम्ही हिंसा शिकविता' असे काही सात्त्विक मंडळी म्हणतात. त्यांना आमची विनंती एवढीच की, त्यांनी एक दिवस रेंजवर येऊन मागच्या बाकावर बसावे. साठपैकी कित्येक वेळा मूल रायफल उचलते, नेम धरते, बोट चापावर ठेवते, आणि काही बिनसले असे वाटून चाप न ओढताच रायफल खाली घेते. पुन्हा उचलते. हा आत्मसंयम आमच्या सात्त्विक मंडळींच्या सभांतून दृष्टीस पडत नाही.

राहता राहिली प्रत्यक्ष करावयाची गोष्ट. हिंजवडी आणि भोवतालच्या वसाहतींच्या सोसायट्यांनी आपल्या सभेत एक ठराव करावा. ज्या खाजगी क्लबांत आपली मुले जातात त्यांच्याकडे वर्षाचा संपूर्ण खर्चाचा तक्ता, शिल्लक वर्गणी परत देण्याची अट आणि रेषेवरचे नियम लेखी मागावेत; न देईल त्या क्लबात कोणी जाऊ नये. आणि बालेवाडीच्या सार्वजनिक रेंजवर आठवड्यातून काही दुपारी भोवतालच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांकरिता, सरकारी रायफली आणि शिक्षकासह, राखून ठेवाव्यात. तेथील दर आणि वेळा मराठीत फलकावर लावाव्यात, अशी मागणी करावी. राज्याच्या क्रीडा आयुक्तांची कचेरी त्याच संकुलाच्या आवारात आहे. अर्ज घेऊन जाण्यास हिंजवडीकरांना फार लांब चालावे लागणार नाही.